विजेवाला की मुखवटेवाला

टेंभुर्णीत तेव्हा कॉमिक्स विकत मिळत नसत. माझ्या मैत्रिणीचे मामा जालन्याला नोकरीला होते. ते बहिणीकडे आले की भाचीसाठी जुन्या हिंदी कॉमिक्सचा गठ्ठा आणायचे. ती आणि मी वर्गात एकाच बाकावर बसायचो, त्यामुळे तो गठ्ठा जितका तिचा तितकाच माझा. ही नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. आमचं हिंदी त्या कॉमिक्सनी पक्कं केलं. शाळेच्या पुस्तकानं नाही.

आमचं भांडण एकच होतं आणि ते रोज व्हायचं. मला आवडायचा विजेवाला. त्याचं पुस्तकातलं नाव लांबलचक होतं, आम्ही मात्र त्याला एवढंच म्हणायचो. हात पुढे केला की बोटांतून वीज. तिचा लाडका मुखवटेवाला. त्याच्याकडे शक्ती म्हणून काहीच नव्हती. तो झाडावर चढायला शिकला, कुलपं उघडायला शिकला, विषं ओळखायला शिकला आणि मग लढायला निघाला.

"तुझ्यावाल्याला जन्मल्यापासूनच वीज हाये," ती म्हणायची. "त्यात त्यानं काय केलं? जन्मानं मिळालेलं नको सांगूस. कमावलेलं सांग."

"अन् तुझ्यावाल्याला एक गोळी लागली की खल्लास!"

"लागूच देत न्हाई ना तो. आधी सगळा हिशेब लावतो."

हे भांडण चालायचं बुद्धविहाराच्या ओट्यावर. विहाराला लागून एक खोली होती. तिथे तिच्या वडिलांनी, म्हणजे सरांनी, वाचनालय सुरू केलं होतं. सर प्राथमिक शाळेत शिकवायचे. संध्याकाळी खोली उघडून बसायचे. आत भाषणांचे खंड होते, चरित्रं होती, स्पर्धा परीक्षांची पुस्तकं होती. नोकरीच्या तयारीतली दोन-चार पोरं सोडली तर फारसं कुणी येत नसे. मी मात्र रोज जायचे. आमचं घर वरच्या आळीला, शेतकऱ्याचं. माझ्या काकू एकदा म्हणाल्या, "तिकडं कशाला जाती रोज उठून?" मी म्हणाले, "वाचायला." वडील जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही आणि मला नाहीही म्हटलं नाही. तेवढं मला पुरे होतं.

एकदा सर बाहेर आले. "एवढं कशावरून भांडून राह्यल्या?" आम्ही सांगितलं. त्यांनी दोन्ही कॉमिक्स मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी परत दिली. आम्हाला वाटलं, आता बोलणी बसणार. सर म्हणाले, "चित्रं चांगली हायेत. पण प्रत्येक गोष्टीत शास्त्रज्ञच का वाईट असतो? हे मला बिलकुल पटलं न्हाई." मग त्यावर आमची चर्चा झाली. सरांशी वाद घालता येतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि आवडलं.

त्या वर्षी वाचनालयासाठी नवी पुस्तकं घ्यायची ठरली तेव्हा मैत्रिणीनं मला कोपर मारलं आणि मी उभी राहून म्हणाले, "कॉमिक्स बी घ्या."

खोलीत मोठी माणसं बसली होती. त्यातले एक आजोबा ताडकन म्हणाले, "विहारात उडती माणसं न्हाई आणायची. आम्ही ही खोली पोरांनी शिकावं म्हणून बांधली."

"शिकायला आधी आत तर यायला पाहिजे, आजोबा," माझी मैत्रीण म्हणाली. "इथं माझ्या वर्गातलं कोण येतं? ही एकटी. अन् ती बी माझ्या कॉमिक्ससाठीच."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणाले, "खरं हाये. पण मी कॉमिक्ससाठी आले अन् दोन चरित्रं बी वाचून काढली."

सरांनी त्यातल्या एका चरित्रावर मला प्रश्न विचारले. मी धडाधड उत्तरं दिली. आजोबा म्हणाले, "एक घ्या. मोठं घ्या, पण एकच. अन् ते का घेतलं हे या दोघींनी इथं येऊन सांगायचं."

रविवारी सर आम्हाला एसटीनं जालन्याला घेऊन गेले. दुकानदारानं कॉमिक्सचे दोन जाडजूड डायजेस्ट समोर टाकले. एक विजेवाल्याचा, चकचकीत, वर सोनेरी अक्षरं. दुसरा मुखवटेवाल्याचा, फिकट कव्हराचा. सर म्हणाले, "मी बाहेर उभा हाये. ठरलं की सांगा."

माझा हात आपोआप सोनेरीकडे गेला. मी प्रत्येक गोष्टीचं शेवटचं पान उघडून पाहिलं. पहिली संपत नव्हती, शेवट पुढच्या अंकात. दुसरीही तशीच. तिसरीत तर विजेवाला दरीत पडत होता आणि पुस्तकच संपलं होतं. मुखवटेवाल्याच्या डायजेस्टमध्ये सुरुवातीपासून शेवटापर्यंत अख्खी कथा होती. तो लहान असतो तिथपासून.

"तुझं घेऊ," मी म्हणाले.

तिला खरं वाटेना. "अन् तुझा विजेवाला?"

"तोच भारी हाये. त्यात बदल न्हाई. पण आपल्या गावात पुढचा अंक कुठून येणार? अर्धी गोष्ट घेऊन पोरांना काय सांगायचं?"

परत आल्यावर खोलीतल्या सगळ्यांसमोर मी हेच सांगितलं. आजोबांनी डायजेस्ट हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाले, "शिलाई कच्ची हाये." दाभण आणि जाड दोरा आणून त्यांनी त्याच बैठकीत तो शिवून काढला, वर पुठ्ठा चढवला.

मग पोरं यायला लागली. आधी मैत्रिणीच्या आळीची, मग शाळेतून बातमी पसरली तशी आमच्या आळीचीही. दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा. एकच पुस्तक, त्यामुळे एक जण मोठ्यानं वाचायचा आणि बाकीचे भोवती डोकी घालून चित्रं बघायचे. ज्याची पाळी नसायची तो कंटाळून कपाटातलं दुसरं काहीतरी काढायचा. मैत्रिणीनं हे आधीच ताडलं होतं.

माझा चुलत भाऊ, काकूंचा मुलगा, असाच तिथे रमला. एका संध्याकाळी काकू त्याला शोधत आल्या. दारातच थांबल्या. पदर सावरत म्हणाल्या, "ए, चल घरी. म्हशी यायची वेळ झाली."

"एक पान ऱ्हायलं, आई," तो म्हणाला आणि पुढे वाचतच राहिला. मुखवटेवाला विहिरीत अडकला होता आणि पाणी चढत होतं. तो एक वाक्य हिंदीत वाचायचा आणि लहान पोरांसाठी मराठीत सांगायचा. काकू उंबऱ्याबाहेर उभ्याच होत्या. माझ्या मैत्रिणीची आई पलीकडच्या घरातून तांब्या-पेला घेऊन आली. "बसा ना बाई. दमून आल्या असाल," असं म्हणून तिनं पेला पुढे केला.

मी त्या पेल्याकडे पाहत होते. आमच्या घरातलं कुणी त्या घरचं पाणी प्यालेलं मी तरी कधी पाहिलं नव्हतं. मी रोज प्यायचे, पण ते घरी माहीत नव्हतं.

काकूंचं लक्ष पोराच्या तोंडाकडे होतं. त्यांनी पेला घेतला, आत येऊन भिंतीला टेकून बसल्या, आणि दोन घोटांच्या मधे त्याला म्हणाल्या, "थांबला कशाला? मंग, निघाला का तो विहिरीतून?"