पारावरची कबुली

साखरा गावच्या जळबाला कुणी हात जोडून रामराम घातला, तर तो मान फिरवतो. नव्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याला फार गुर्मी. गुर्मी कसली! जोडलेले हात दिसले की त्याला कोर्टातला लाकडी कठडा दिसतो, आणि त्यामागे उभा असलेला धाकटा भाऊ, नरसिंग.

एके काळी हाच जळबा पारावरचा मोठा माणूस होता. बांध कोरला, बैल पिकात शिरला, भावाभावांत वाजलं, की लोक त्याच्याकडे यायचे. पाराची रीत सोपी होती. ज्याच्यावर आळ आला त्याने खरं-खोटं करत बसायचं नाही. उभं राहायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, ‘चूक झाली, पदरात घ्या.’ समोरचा ‘घेतली’ म्हणायचा, नारळ फुटायचा, खोबरं वाटलं जायचं. चूक खरोखर कुणाची, हे कुणी उकरत नसे. उकरलं की भांडण पुन्हा पेटतं, असं जळबाचं म्हणणं. वीस वर्षांत गावातलं एकही भांडण त्याने पोलिसांपर्यंत जाऊ दिलं नव्हतं, आणि त्याचा त्याला केवढा तोरा!

चौऱ्याहत्तर साली भिवाजीच्या विहिरीवरचं डिझेल इंजिन चोरीला गेलं. भिवाजी मोठा जमीनवाला. इंजिन म्हणजे काही बांधाची ढेकळं नव्हेत. तो पारावर न येता थेट पोलिसांत गेला. नरसिंग त्याचा सालगडी, विहिरीवरच्या खोपीची किल्ली त्याच्याच कमरेला. पोलिसांनी त्यालाच धरलं. जळबा जामीन राहिला आणि भावाला घरी घेऊन आला.

नरसिंगची बायको सुमनबाई म्हणाली, “भावजी, हिंगोलीला एखादा वकील बघा.”

“काहून?” जळबा उसळला. “कर न्हाई त्याला डर कशाला? वकील लावला की लोक म्हणतेत, ह्यानंच केलं.”

तारखेला दोघे भाऊ एसटीने कोर्टात गेले. व्हरांड्यात संतराम नावाचा तरुण वकील उभा होता. आखाडा बाळापूरच्या बौद्ध घरातला, शेतमजुराचा मुलगा; अंगातला काळा कोट अजून कोराच होता. नरसिंगचा उतरलेला चेहरा बघून तो जवळ आला, सगळं ऐकून घेतलं आणि सरळ नरसिंगलाच विचारलं, “तू घेतलंस का इंजिन?”

नरसिंगने तोंड उघडलं, तेवढ्यात जळबा मध्ये पडला. “वकीलसाहेब, आमाला तकलीफ वाढवायची न्हाई. साहेबाम्होरं हात जोडले की मिटलं.”

“मामा, हा पार नाही,” संतराम म्हणाला. “इथं ‘चूक झाली’ म्हटलं की गुन्हा कबूल केल्यासारखं होतं. मला फी नको. ह्या वकीलपत्रावर त्याला अंगठा देऊ द्या.”

जळबाने वकीलपत्राकडे पाहिलंसुद्धा नाही. कालचं पोरगं, तेही बौद्धवाड्यातलं, आपल्याला रीत शिकवतं! हे तो बोलला नाही, पण मनात आलंच. कशाला झाकून ठेवायचं?

आत मॅजिस्ट्रेट साहेबांनी आरोप वाचून दाखवला आणि गुन्हा कबूल आहे का विचारलं. नरसिंगने मागे वळून भावाकडे पाहिलं. जळबाने मान हलवली. नरसिंगने हात जोडले.

“चूक झाली साहेब. पदरात घ्या.”

साहेबांनी लेखणी थांबवली. “नीट समजलं ना? कुणी जबरदस्ती केली का?”

नरसिंगने पुन्हा वळून पाहिलं. जळबाने पुन्हा मान हलवली.

“न्हाई साहेब. चूक झाली.”

आता कुणीतरी ‘घेतली’ म्हणेल म्हणून जळबा वाट बघत राहिला. शिपायाने नरसिंगचा दंड धरला तेव्हा त्याला कळलं, की सहा महिने सक्तमजुरी झाली.

नरसिंग परभणीच्या जेलातून सुटून आला तेव्हा अर्धा झाला होता. चोराला सालगडी कोण ठेवणार? तो सडकेच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागला. बायकोशी बोलायचा, पोरांशी हसायचा. जळबाला मात्र ‘व्हय’ आणि ‘न्हाई’, तिसरा शब्द नाही. जळबाने पार सोडला. पण पार त्याला सोडेना. गाईची धार काढताना, भाकरी मोडताना, भर बाजारात, कानामागे कुणीतरी हळूच म्हणायचं, ‘पदरात घ्या.’ तो दचकून वळायचा. मागे कुणी नसायचं.

शहात्तर साली वाशीमकडे एक टोळी सापडली. त्यांच्याकडच्या एका इंजिनावर भिवाजीच्या इंजिनाचा नंबर होता. भिवाजी पारावर आला, लोकांदेखत हात जोडले आणि म्हणाला, “चूक झाली, पदरात घ्या.” कुणीतरी नारळ आणायला पळालंसुद्धा. लोकांनी मुद्दाम बोलावून आणलेल्या जळबाला ते बघवलं नाही. तो उठला आणि तडक एसटी धरून संतरामकडे गेला.

“कबुली दिलेली आहे मामा, सोपं नाही,” संतराम म्हणाला. “पण वरच्या कोर्टात अर्ज करून बघू. नरसिंगचा अंगठा आणा.” त्याने उणंदुणं काढलं नाही. त्याचीच जळबाला जास्त लाज वाटली.

वकीलपत्र घेऊन जळबा भावाच्या दारात गेला. नरसिंग हाताच्या फोडांना तेल लावत बसला होता. जळबाने सगळं सांगितलं. “तुझं नाव साफ होईल. एवढा अंगठा दे.”

नरसिंगने निमूट अंगठा दिला. कागद परत करताना तो दोन वर्षांत पहिल्यांदा भावाशी सलग बोलला.

“दादा, वकिलानं इचारलं, घेतलंस का म्हून. साहेबानं दोनदा इचारलं. तुमी एकदाबी इचारलं न्हाई. मला वाटलं, तुमाला मी चोरच वाटून राहिलो. मंग न्हाई म्हून कुणाला सांगू?”

जळबाच्या ओठांवर तो प्रश्न आता आला. पण विचारून उपयोग नव्हता. उत्तर साऱ्या गावाला माहीत झालं होतं.