येळवशीला नावेतून शेतावर

येळवशीच्या दिवशी आमच्या लातुरात चिटपाखरू दिसत नाही. मार्गशीर्ष अमावास्येला जो तो डबे-मडकी घेऊन शेतावर जातो, आणि ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी हाताला धरून आपल्या शेतावर नेतं. आईला असंच दरवर्षी कुणीतरी नेतं. ती पालेभाज्या आणि ओल्या दाण्यांची भज्जी खाते, तोंडभरून कौतुक करते आणि परतताना गप्प असते. या वेळी मात्र तिने आधीच सांगून टाकलं, "लोकाच्या शेतात लई खाल्लं. अवंदा अप्पाच्या शेतावर जायचं."

अडचण एवढीच की अप्पांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं शेत कर्नाटकातल्या कारंजा धरणाच्या पाण्याखाली आहे.

अगदी सगळं नाही. वरचा एक कोपरा उंचावर होता, तो बेटासारखा उरलाय. आमच्यात माणसाला पुरतात, आणि अप्पांना त्याच कोपऱ्यात पुरलं होतं, धरण व्हायच्या आधी. मधे एका दुष्काळात पाणी इतकं आटलं की आई चिखल तुडवत चालत समाधीपर्यंत जाऊन आली. त्यानंतर पाऊस चांगलाच होत आलाय. पाऊस झाला की आई खूश होते, आणि त्याच पावसाने तिची वाट बंद होते.

तुम्हाला जायचं असेल तर रस्ता सोपा आहे. लातूरहून उदगीर, उदगीरहून भालकी, तिथून खटकचिंचोळीकडची बस. भालकीच्या पुढे रस्ता बरा, धूळ भरपूर. कर्नाटकात सरकारी बस बायकांना फुकट आहे, पण आधार कार्ड तिकडचं लागतं. आईने ऐटीत आपलं पुढे केलं. कंडक्टरने उलटसुलट बघून परत दिलं.

"अक्का, ह्ये लातूरचं हाय."

"कार्ड लातूरचं हाय. मी इकडचीच हाय की!"

"मग कार्ड बी इकडचं काढा की वो," तो हसत म्हणाला आणि त्याने तिकीट फाडलं. आई ते तिकीट बराच वेळ बोटांत धरून खिडकीबाहेर तुरीची रानं बघत बसली. मला उगीचच त्या कंडक्टरचा राग आला.

खटकचिंचोळीला माझा मामेभाऊ बसवराज राहतो. तिथे आईने आणि वहिनीने जे रांधलं ते पंचवीस माणसांना पुरलं असतं. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि आंबिलीचं भलंमोठं मडकं. खायला कितीही मिळो, राहायला इकडे लॉज शोधू नका, कुणाच्या तरी घरीच उतरा. आणि धरणावर सहलीची बोट मिळेल अशा भ्रमातही राहू नका. तिकीटखिडकी नाही, गाईड नाही. मासे धरणाऱ्यांच्या गोल नावा आहेत, बांबूच्या, खालून डांबर फासलेल्या, मोठ्या घमेल्यासारख्या. ओळख असेल तरच कुणी बसवतं. बसवराजच्या ओळखीचा एक भीमा होता.

सकाळी काठावर पोचलो तेव्हा पाणी आरशासारखं शांत होतं, आणि एवढं अफाट की पलीकडचा काठ नुसता निळसर वाटत होता. मी एका मैत्रिणीकडून मागून आणलेली फुगीर नारिंगी जाकिटं काढली.

"मला रस्त्यावरचा मुकादम करायलीस का?" आई म्हणाली. पण घातलं. साडीवर ते जाकीट आणि कपाळावर इभुतीचे आडवे पट्टे. खरं सांगते, फार गोड दिसत होती.

भीमाने आमच्या डब्यांची रास बघून डोक्याला हात लावला. "अक्का, नावंत जेवण न्हाई न्यायचं. तीन माणसं आन् एक लहान मडकं, बस."

आईने आंबील लहान मडक्यात ओतून घेतली, वर कडुलिंबाची डहाळी ठेवली. बाकी सगळं काठावर. मग भीमा आमच्यासमोर उभा राहिला.

"एक ऐका. रोज हितं चार-पाच नावा असत्यात, कुणाचं कमीजास्त झालं तर दुसरा जातो. आज समदे शेतात हायत. काठावर ह्यो बसूअण्णा एकटाच, त्येला नाव बी चालवता येत न्हाई. म्हणून मी फिरायचं म्हणलो की फिरायचं. पाण्यावर वाद न्हाई. व्हय म्हणा, मगच बसा."

मी घाईघाईत व्हय म्हटलं. आईने जरा थांबून, त्याच्याकडे बघून म्हटलं, "व्हय."

गोल नावेत कडेला टेकून बसायचं नाही, तळाशी मांडी घालून बसायचं आणि उठायचं नाही, कितीही मोह झाला तरी. नाव आधी स्वतःभोवतीच फिरते, मग वल्ह्याचं ऐकते. आई मडकं मांडीत धरून बसली होती. थोड्या वेळाने बेट दिसायला लागलं. एक बाभूळ, आणि तिच्याखाली चुन्याचा पांढरा चौथरा.

"अप्पा," आई म्हणाली. मला नाही, भीमाला नाही. सरळ तिकडेच.

आणि तेवढ्यात डावीकडचं पाणी काळपट झालं. वाऱ्याने अंगावर काटा आलेलं पाणी आमच्याकडे सरकत होतं. पहिली लाट नावेवर आपटली, माझी मांडी भिजली. भीमाने वल्हं थांबवलं.

"अक्का, फिरायचं."

"अहो, समोर तर आहे!" मी म्हणाले. माझा आवाज चिरकला होता. "एवढंसं राहिलंय!"

"जाता यील. पर वारं वाढलं तर परत येता यायचं न्हाई."

मी आणखी काहीतरी बोलणार होते. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि नजर चौथऱ्यावरून हलत नव्हती. "गप, बाई. मी काठावर व्हय म्हणलेय. भीमा, फिरव."

नाव फिरली. आईला मान वळवून बघता येईना, जाकीट आड येत होतं. जरा पुढे आल्यावर भीमा म्हणाला, "अक्का, तुमच्या अप्पाचा बांध हितंच खाली हाय. माझी जाळी अडकती त्येला."

आईने त्याला क्षणभर हळू व्हायला सांगितलं. कडुलिंबाची डहाळी आंबिलीत बुडवली आणि येळवशीला शेताभोवती फिरून शिंपडतात तशी बसल्या जागेवरून पाण्यावर शिंपडली. पांढरे थेंब पडले आणि लाटेत गेले. मी रडले. ती रडली नाही.

काठावर उतरल्यावर तिने कनवटीची इभुतीची पुडी भीमाच्या हातात दिली. मग आम्ही बसवराजच्या शेतात जाऊन कडब्याच्या कोपीशेजारी भज्जी खाल्ली. भज्जी उत्तम झाली होती. आईने कौतुक केलं आणि गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी परतीच्या बसमध्ये भीमाचा फोन आला. सकाळी जाळं काढायला गेला तेव्हा बेटावर उतरून समाधीला लावली म्हणे इभूत. आईने विचारलं, "चौथरा फुटला का रं कुठं?" न्हाई म्हणाला. "बाभळीला शेंगा हायत का?" हायत म्हणाला. एवढं ऐकून तिने फोन माझ्याकडे दिला.

हे लिहितेय तेव्हा पावसाळा अर्धा सरलाय. नारिंगी जाकीट आईने परत करू दिलेलं नाही, तिच्या दाराआड टांगलंय. काल बसवराजचा फोन आला, धरण भरत आलंय. मी म्हटलं, "आई, अवंदाही चालत जाता यायचं नाही. आटलं असतं तर बरं झालं असतं."

ती तांदूळ निवडत होती. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी ओशाळलेच.

"बापाला भेटाया दुष्काळ मागू व्हय? भरू दे," ती म्हणाली. मग पुन्हा तांदळाकडे वळून, मान वर न करता, "भीमाला इचार, येळवशीच्या दुसऱ्या दिवशी काठावर नावा असत्यात का."