आवाज गेला त्या दुपारी

मागच्या रविवारी माझा आवाज गेला... तोही स्टेजवर, तिसऱ्या गाण्यात.

मी पंक गाते. म्हणजे तीन कॉर्ड, मनातला राग आणि शिरा ताणून ओरडणं. सोलापुरातली पहिली पंक गायिका अशी माझी ओळख करून देतात. पहिली आहेच, कारण वीस वर्षांत दुसरी कुणी आलीच नाही!

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये सरांनी माइकची वायर उपटली, तिथून सुरुवात झाली. पुढे पुणे झालं, बेंगळुरू झालं, आणि मग घसा बसायला लागला. डॉक्टरांनी बजावलं, आता थांबा. म्हणून हा शेवटचा शो आपल्याच गावात ठेवला, पूर्व भागातल्या एका बंद पडलेल्या चादरींच्या कारखान्यात.

याच कारखान्यात माझ्या अम्मानं तीस वर्षं माग चालवला. त्या खडखडाटात तिचे कान गेले. त्यामुळे माझं एकही गाणं तिनं ऐकलेलं नाही... गाण्यांत शिव्या फार, म्हणून मला ते बरंच वाटायचं. पण सलायचंही. सगळ्यांना ऐकवलं, हिलाच नाही.

त्या दिवशी मात्र ती आली, जुना कारखाना बघायला म्हणून. सोबत मागावरच्या तीन मैत्रिणी, ठेवणीतल्या साड्या नेसून, थेट पहिल्या रांगेत.

छताच्या काचांतून ऊन येत होतं आणि त्यात अजूनही कापसाचे तंतू तरंगत होते. सगळं स्वप्नात असावं तसं संथ दिसत होतं. गाणं एका कारखानदारावर होतं... दुसऱ्या कडव्यात घशातून नुसती हवा आली. लोक साउंडवाल्याकडे वळून बघायला लागले. माझे डोळे भरले, पण सवयीनं ओठ हलत राहिले.

आणि पहिली रांग खळखळून हसली.

मालकाच्या ढेरीवरची ओळ होती, बरोबर तिथंच! चालू मागांत काही ऐकू येत नाही, म्हणून या बायका आयुष्यभर एकमेकींचे ओठ बघून बोलल्या. अम्माला ते येतं हे मला ठाऊक होतं, घरात 'जेवलीस का' एवढं तसंच चालतं. पण गाणंही असं वाचता येईल, हे वीस वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नाही...

मी थांबले. तर समोरून अम्माचे ओठ हलले, "थांबलीस का? म्हण की पुढचं."

गिटारवाल्यानं गिटार खाली ठेवली. आणि मी उरलेलं गाणं त्या चौघींसाठी म्हटलं, आवाजाशिवाय.

घरी जाताना रिक्षात अम्मा म्हणाली, "शिवी देताना तोंड नीट उघडत जा की. अर्धी कळलीच न्हाय." मी हसता हसता रडले.

आता महिनाभर बोलायचं नाही अशी सक्त ताकीद आहे. घर शांत आहे आणि आम्ही दोघी दिवसभर गप्पा मारतोय... एवढ्या आयुष्यात कधी मारल्या नव्हत्या. रोज संध्याकाळी ती एक गाणं मागते. मी तिच्यासमोर बसून, सावकाश, शिव्यांसकट म्हणते.

खरं तर गाणं बंद केलं हे कळवायला ही पोस्ट लिहायला घेतली होती. पण आजचं गाणं राहिलंय, आणि अम्मा समोर येऊन बसलीय...