लिटरमध्ये न मावलेली खुर्ची

"सर, तुमचं लिटर बरोबर आहे. पण माझ्या आईची खुर्ची लिटरमध्ये जात नाही," फोनवरचा माणूस म्हणाला.

मंगळवारची दुपार होती. मी अंधेरीच्या ऑफिसात शनिवारच्या पुरवणीचं पान लावत बसलो होतो. त्या पुरवणीत वाचकांच्या गाडीविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सदर मी अकरा वर्षं चालवत होतो. रागावलेले फोन अधूनमधून येत. हा माणूस रागावलेला नव्हता, म्हणून मी खुर्ची ओढून नीट बसलो.

त्यांचं नाव मिलिंद गवई. घाटकोपरला राहतात, तिथेच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहेत. दीड महिन्यापूर्वी त्यांचा प्रश्न मी छापला होता. आईचं डायलिसिस सोमवार, बुधवार, शुक्रवार मुलुंडच्या सेंटरला. आईला चालता येत नाही, व्हीलचेअर लागते. गाडी पहिलीच. कोणती घ्यावी?

प्रश्नात नसलेली एक गोष्ट त्यांनी आता सांगितली. डायलिसिसला ते रिक्षाने जात होते आणि तेवढं जमत होतं. आईला उचलून रिक्षात बसवायचं, खुर्ची बिल्डिंगच्या लॉबीत ठेवून जायचं, सेंटरच्या दारात त्यांची खुर्ची मिळते. पण जिथे खुर्ची मिळत नाही तिथे आई जाऊच शकत नव्हती. दोन वर्षांत तिने घर आणि सेंटर या दोनच जागा पाहिल्या होत्या. तिची मोठी बहीण बोरिवलीला असते. तीही आता घराबाहेर पडत नाही. दोघी रोज फोनवर बोलत. गाडी घ्यायची होती ती या भेटीसाठी. म्हणजे गाडी आईसाठी होती त्याहून जास्त खुर्चीसाठी होती.

मी सेडान सुचवली होती. सेडान म्हणजे पुढे इंजिन, मध्ये माणसं आणि मागे वेगळी, झाकणाची डिकी, अशी तीन खणांची गाडी. कारणं पुस्तकी होती आणि खोटी नव्हती. सीट फार उंच नाही, चढावं लागत नाही. मागचं दार मोठं असतं. डिकी पाचशे लिटरच्या आसपास. डिकीचं माप लिटरमध्ये सांगतात, म्हणजे आत एकूण किती पोकळी आहे ते. तोंड केवढं, हे त्यातून कळत नाही.

गवईंनी त्याप्रमाणे शोरूममध्ये जाऊन गाडी बुक केली. मुलुंडच्या आठवड्याला तीन फेऱ्या म्हणून सीएनजीवाली. रविवारी ते खुर्ची घेऊन शोरूमला गेले. डिकी उघडली. आत सिलिंडर होता. उरलेल्या जागेत दोन पिशव्या राहिल्या असत्या.

मी त्यांना फोनवर थांबायला सांगून माझी मूळ कॉपी उघडली. शेवटचं वाक्य असं होतं : 'मात्र सीएनजी घेणार असाल तर डिकी विसरा, टाकी तिथेच बसते.' छापलेल्या पानावर ते वाक्य नव्हतं. त्या शुक्रवारी संध्याकाळी एक जाहिरात उशिरा आली होती आणि सदराची जागा घटली होती. जागा घटली की डेस्कवर मजकूर खालून कापतात. बातमीदार महत्त्वाचं आधी लिहितो, बिनमहत्त्वाचं शेवटी, असा त्यामागचा हिशेब. उत्तराला मात्र हा नियम लागत नाही, कारण उत्तरातली अट शेवटी येते. ते वाक्य दुसऱ्या कुणी कापलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मीच कापलं होतं.

हे मी त्यांना सांगितलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ते म्हणाले.

डिलिव्हरी कधी आहे, एवढंच मी विचारलं. शनिवारी होती. शुक्रवारी सकाळी गाडीची फाइल रजिस्ट्रेशनला जाणार होती. गाडी एकदा तुमच्या नावावर चढली की शोरूम ती बदलून देत नाही. आमच्या हातात बुधवार आणि गुरुवार होते, आणि बुधवार डायलिसिसचा.

त्या संध्याकाळी मी मेट्रोने घाटकोपरला गेलो. सोबत मोजायची टेप घेतली. अकरा वर्षांत वाचकाच्या घरी टेप घेऊन जाण्याची ती पहिली वेळ होती, हे मेट्रोचा जिना उतरताना माझ्या लक्षात आलं.

बिल्डिंग रीडेव्हलपमेंटमधली, नवीन. पार्किंग स्टॅकचं. म्हणजे लोखंडी ताटांवर गाड्या एकावर एक ठेवायच्या. बटण दाबलं की ताट वरखाली होतं. गवईंच्या वाट्याला खालचं ताट आलं होतं. खांबावर पाटी होती : उंची १५५० मिलिमीटर. म्हणजे साडेपंधराशेपेक्षा उंच गाडी त्यात शिरली की वरच्या ताटाला घासणार. मी मनात एसयूव्ही तयार ठेवली होती. ती तिथेच बाद झाली. उभ्या बांध्याची, टोपीसारखी उंच हॅचबॅकही गेली. हॅचबॅक म्हणजे वेगळी डिकी नसलेली, मागे उभं दार असलेली छोटी गाडी. त्यातल्या बुटक्या तेवढ्या शिल्लक राहिल्या.

गवईंच्या आई लॉबीत खुर्चीवर बसल्या होत्या. मुंबईत चाळीस वर्षं काढूनही अकोल्याकडची बोली तोंडात होती.

"पेपरवाले तुमीच का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"माही खुर्ची न पाहताच गाडी सांगितली का?"

मी त्यालाही हो म्हणालो. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितलं. सुनेचं नाव स्नेहल. तिसऱ्या मजल्यावर चहा होईपर्यंत गवईंनी आईंना लॉबीतल्या बाकावर बसवलं आणि मी खुर्ची मोजली. घडी केल्यावर एक फूट जाड, तीन फूट उंच, पाय ठेवायच्या पट्ट्यांसकट साडेतीन फूट लांब. वजन सतरा किलोच्या आसपास. गवईंच्या आईंना मी एव्हाना मावशी म्हणू लागलो होतो. तीनपैकी दोन दिवस मावशींना सेंटरला स्नेहल नेते, कारण त्या दिवशी गवईंना सकाळी लॅब असते. म्हणजे खुर्चीची उचलठेव तीच करते, आणि गाडीतही तीच करणार. हेही मी दीड महिन्यापूर्वी विचारलं नव्हतं.

गुरुवारी सगळे अंधेरीच्या शोरूममध्ये आले. गवईंनी अर्धा दिवस रजा टाकली होती. खुर्ची टेम्पोने आली, मावशी टॅक्सीने. सेल्सचं काम पाहणाऱ्या नाईकबाईंना सुरुवातीला वाटलं, पेपरवाला सोबत आहे म्हणजे तक्रार छापून येणार. त्यांनी आम्हाला दोनदा पाणी विचारलं. आम्ही काय करायला आलोय हे कळल्यावर मात्र त्यांनी स्वतः चाव्या आणल्या आणि एकेक गाडी उघडून दिली.

आधी बुटकी हॅचबॅक. मागचं दार वर उचललं की तोंड मोठं मिळतं. पण मागे जागा खोल नसते, सीट आडवी येते. मागच्या सीटचा मोठा भाग पाडला तेव्हा खुर्ची आरामात गेली. मग मोजणी झाली. गवई चालवणार, मावशी पुढे, मागे उरलेली जागा एकाची. घरात स्नेहल आहे आणि दहा वर्षांची मुलगी आहे.

"मंग घरी कोणाले ठेवायचं, ते पेपरात इचारू का?" मावशी म्हणाल्या.

नाईकबाई हसल्या आणि माझ्याकडे पाहून थांबल्या.

खरं तर या घराला हवी होती ती इस्टेट. इस्टेट म्हणजे सेडानच, पण छप्पर मागपर्यंत सरळ नेलेलं आणि टोकाला उभं दार. उंची सेडानची, तोंड कपाटाचं. परदेशात कुटुंबं वर्षानुवर्षं ती वापरतात. आपल्याकडे दोनचार कंपन्यांनी आणून पाहिली आणि बंद केली. लोकांना ती सामान वाहायची गाडी वाटली. नाईकबाई म्हणाल्या की अशा बॉडीची नवी गाडी विचारायला गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्याकडे एकही गिऱ्हाईक आलेलं नाही.

पण मला एक जुनी माहीत होती. एमआयडीसीच्या टोकाला सेकंडहँड गाड्यांचा एक डीलर आहे, त्याच्याकडे एक पांढरी इस्टेट बरेच महिने पडून होती. दहा मिनिटांचं अंतर. आम्ही गेलो. दार उघडलं, गवईंनी खुर्ची ढकलली, ती पट्ट्यांसकट, ड्रॉवर सरकावा तशी आत गेली. उंची मोजली, पार्किंगच्या पाटीत बसत होती. मागच्या सीटवर तिघं बसत होते. मी खूश झालो. इतकं बरोबर उत्तर मला सदरात कधी मिळालं नव्हतं.

मावशी टॅक्सीत बसूनच पाहत होत्या. त्यांनी काच खाली केली.

"हे तं अॅम्ब्युलन्स हाय."

गवई म्हणाले, "आई, खुर्ची बघ ना कशी गेली. आणि पार्किंगमध्येपण बसते."

"सेंटरच्या दारात अशाच गाड्या लागतात. त्यातून कोन उतरते ते मले माहीत हाय. याच्यात झोपून जायची येळ येईन तवा पाहू. सध्या मले बसून जाऊ द्या."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. गवईंनी मागचं दार बंद केलं. डीलरने किंमत सांगायला तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं. बांधणीचं जे गणित मी मांडत होतो त्यात हा आकडा नव्हता आणि तो सगळ्यात मोठा होता. गाडीत कोण बसणार आणि लोक त्या गाडीकडे पाहून काय समजणार, हाही सोयीचाच भाग असतो. मी तोवर फक्त घनफळ धरलं होतं.

पुन्हा शोरूम. तीच सेडान, पण पेट्रोलवाली, सिलिंडर नसलेली. आता हाच शेवटचा पर्याय होता. हाही गेला तर गवई सीएनजीचीच गाडी घेणार होते आणि बोरिवली फोनवरच राहणार होती.

गवईंनी खुर्ची उभी घालून पाहिली, झाकण लागेना. मी आडवी घालून पाहिली. आत गेली, पण झाकण चार बोटं वर राहिलं. सेडानच्या झाकणाच्या बिजागऱ्या हंसाच्या मानेसारख्या वाकड्या असतात आणि झाकण लावलं की डिकीच्या आत उतरतात. त्या खुर्चीच्या मोठ्या चाकावर टेकत होत्या. कंपनी लिटर मोजते तेव्हा बिजागऱ्यांचा उल्लेख करत नाही. मी टेपने काहीतरी मोजत राहिलो. गवई माझ्याकडे पाहत राहिले.

स्नेहल तोवर मागे उभी होती. तिने आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं. पाय ठेवायच्या पट्ट्या खटकन काढल्या, गादी काढून मुलीच्या हातात दिली, खुर्ची चाकांच्या बाजूने तिरकी आत लोटली आणि शेवटी एक हिसका देऊन कोपऱ्यात फिरवली. झाकण लावलं. लागलं.

"सर, आमच्या लिफ्टमध्ये मी ही रोज घालते," ती म्हणाली. "आत माणसं उभी असताना हिलाही न्यायची म्हणजे अशीच तिरकी करावी लागते. हिचं अंग मला माहितीये."

मी तिला ते आणखी तीनदा करायला सांगितलं. एकदा जमणं आणि रोज जमणं यात फरक असतो. तिसऱ्या वेळी तिने डिकीच्या कडेवर आपली शाल घडी करून ठेवली आणि त्यावरून खुर्ची सरकवली. सगळं वजन एकदम उचलावं लागेना. मग मावशींना मागच्या सीटवर बसवून पाहिलं. दार रुंद उघडलं, सीट खुर्चीच्या उंचीची निघाली, त्या एका हाताच्या आधाराने सरकल्या. आत बसून त्यांनी पुढच्या सीटवर हात फिरवला आणि ही कारसारखी कार आहे असं सांगितलं.

पेट्रोलमध्ये स्टॉकला फक्त तपकिरी रंग होता. मुलीने नाक मुरडलं. गवईंनी सही केली. मुलुंडचं अंतर तसं थोडं आहे, पेट्रोलने घर बुडणार नाही, असं ते मला म्हणाले, बहुधा मला बरं वाटावं म्हणून. नाईकबाईंनी आमच्यासमोर फोन करून आधी बुक केलेल्या सीएनजी गाडीची फाइल थांबवली. त्यांना ते करायचं बंधन नव्हतं.

ऑफिसात वेगळं प्रकरण झालं. मी दुरुस्ती छापायची म्हटलं. आमचे चीफ सब, म्हणजे मुख्य उपसंपादक, देसाई म्हणाले, "छापलंय त्यात चूक काय आहे? जे छापलंच नाही त्याची दुरुस्ती कशी छापतात, सांग."

मी गवईंचा नंबर त्यांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांना विचारून घ्या म्हटलं. त्यांनी नंबर लावला नाही. दुरुस्तीला चार ओळींची जागा दिली. त्या चार ओळींवर आलेल्या फोनांत सीएनजी सेडान बुक करून बसलेले इतरही वाचक होते. त्यातल्या काहींना वेळ होता, एकाला नव्हता. तो फार बोलला. बोलण्याचा त्याला हक्क होता.

पुढच्या रविवारी दुपारी गवईंचा फोन आला. ते बोरिवलीहून बोलत होते. मागे दोन बायका एकाच वेळी बोलत होत्या आणि कुणीच थांबत नव्हतं. फोन मावशींनी घेतला.

"पेपरवाले, बहीन म्हनते रंग चांगला नाही," त्या म्हणाल्या. "म्या म्हटलं, रंग पेपरवाल्यानं सांगितला नाही. जेवाले या एक दिवस."

मी गेलो, पुढच्या महिन्यात. तेव्हा गवईंचे आभार मानले. ते संपादकांना पत्र लिहू शकले असते, किंवा निमूट गाडी घेऊन मला आयुष्यभर शिव्या देऊ शकले असते. त्यांनी खुर्ची डिकीत घालून पाहायला नेली आणि मला फोन केला. ते म्हणाले, लॅबमध्ये रिपोर्ट चुकला तर आम्ही सँपल पुन्हा मागवतो, त्यात काय एवढं. स्नेहलचेही आभार मानले. ती मला मटणाची आणखी एक वाटी वाढत होती, तिने ऐकलं की नाही माहीत नाही.

आता कोणती गाडी घेऊ, असं पत्र आलं की मी आधी तीन प्रश्न उलट पाठवतो. आत काय ठेवणार? ते उचलणार कोण? आणि जिला किंवा ज्याला बसायचं आहे, त्यांना विचारलं का? त्यामुळे उत्तराला आठवडा जास्त लागतो. काही वाचक वैतागून दुसऱ्या पेपरला विचारतात. तिथे त्यांना लिटर लगेच मिळतात.