धुतल्या तोंडाचं लेकरू

मॅडमनं माझ्या लेकराच्या तोंडाला माती फासली. माझ्या डोळ्यांदेखत.

अंगणातल्या तुळशीच्या कुंडीत बोटं घातली, ओली माती उचलली आन् आम्रूच्या गालाला, हनुवटीला, कपाळाला पुसली. तेल लावून घातलेल्या दोन वेण्या सोडल्या, केस विस्कटले. फ्रॉक डोक्यावरून ओढून काढला आन् पेटीतला एक कळकट, बगलेत उसवलेला सदरा तिच्या अंगात घातला. तीन वर्षांचं लेकरू. आधी तिला वाटलं, मॅडम खेळून राहिल्या. ती हसली. मग तिनं माझ्याकडं बघितलं आन् रडायला लागली.

"नवा फ्रॉक कशाला घातलास गं?" मॅडम मला म्हणाल्या. "तपासणीच्या साहेबांना गरिबाचं लेकरू दाखवायचंय. हे काय बारशाला निघालंय का?"

मी हातात तिच्या चपला धरून उभी राहिले, मेल्यागत.

हे लातूरचं पाळणाघर. रोज कामावर जाणाऱ्या, कमी कमाईच्या बायांची लेकरं दिवसभर सांभाळायची, दुपारी त्यांना खिचडी घालायची, त्यासाठी सरकार एका संस्थेला अनुदान देत होतं. मॅडम त्या संस्थेच्या सचिव. आम्हाला पदरचं काही द्यावं लागत नव्हतं. म्हणून तर आम्ही गप होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

आता मी कोण, ते सांगते. माझं माहेर निलंग्याकडचं. भूकंपात गाव बसलं. आमचा बाप त्यातच गेला. नंतर नवीन गाव बांधलं, तर ज्याची जमीन मोठी त्याला घर मोठं. आम्हाला जमीनच न्हाई. आम्हाला खुराडं मिळालं. तिथून लग्न होऊन मी लातूरला आले. नवरा मोंढ्यात हमाल. उजाडायच्या आत पोती उचलायला जायचा.

तवा लातूरला क्लासचं नुसतं पीक आलं होतं. जिकडं बघावं तिकडं डॉक्टर होणाऱ्या पोरांचे फोटो लावलेले. नांदेडहून, परभणीहून, कुठून कुठून आईबाप पोरांना सुटकेसीसकट आणून सोडायचे. पोरं आली तशा खोल्या आल्या, खोल्या आल्या तशा मेस आल्या, आन् मेससाठी पोळ्या लाटणाऱ्या आम्ही आलो. पहाटेच्या क्लासला पोरगं उपाशी जाऊ नये म्हणून त्याची आई गावाकडून फोन करायची. मालक सांगायचा, "काळजी करू नका, आमच्या बाया वेळेवर येतात." त्या बायांची लेकरं कुठं असतात, हे कुणाच्या बापानं बी इचारलं न्हाई.

मी इचारायला पायजे होतं? कुणाला इचारू? आम्रू रांगत होती तवा मी तिला मेसवरच न्यायची. पायाला जुन्या साडीची पट्टी बांधायची आन् पट्टी खिडकीच्या गजाला. कालवड बांधावी तशी. एक दिवस गाठ सुटली. आम्ही दोघी बाया वरणाचं पातेलं उतरवत होतो, ती माझ्या पायात आली. वरण सांडलं. तिची पोटरी सोलून निघाली. ते ओरडणं मला आज बी ऐकू येतं, खोटं न्हाई सांगत.

मालक म्हणाला, "बाई, लेकरू आणायचं असंल तर काम बंद. उद्या काही झालं तर पोलीस माझ्या दारात." तो बी काय खोटं बोलत नव्हता.

सासू न्हाई. आईला डोळ्यानं दिसत न्हाई. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. लेकरू सांभाळलं तर चूल पेटत न्हाई, चूल पेटवायला गेलं तर लेकरू भाजतंय. त्या दिवसांत मी देवाला न्हाई, कुणालाच न्हाई, भिंतीला शिव्या द्यायची.

आन् मग हे पाळणाघर मिळालं.

तिथं जरीना खाला होती. म्हातारी, पान खाणारी, मोठ्या आवाजाची. लेकरं तीच सांभाळायची. पाळणाघराच्या मागंच तिची खोली, म्हणून पहाटे बी ती आम्रूला झोपेतच माझ्या खांद्यावरून उचलून घ्यायची. अनुदान अडकलं की खालाचं मानधन अडकायचं. तरी ती रोज कुलूप काढायची. म्हणायची, "बच्चों को क्या मालूम बाई, पैसा अटका बोलके?" आम्रू तिथं गाणी शिकली, हात धुऊन जेवायला शिकली. आन् मी पयल्यांदा पोळी लाटताना पोळीकडं बघायला लागले. तोवर एक डोळा लेकराकडंच असायचा. पाळणाघर म्हंजे काय ते ज्यांच्याकडं आजी-आत्या हायेत त्यांना कळायचं न्हाई. माझं काम, माझं जेवण, माझ्या पोरीची चामडी, सगळं त्या एका खोलीवर टेकलेलं होतं.

आता मातीची गोष्ट.

आधीच्या बारीला साहेब तपासणीला येणार म्हणून मॅडमनं सांगितलं, तर आम्ही सगळ्या बायांनी काय केलं? लेकरं नटवली. आमच्यात घरी कुणी मोठं माणूस येणार म्हणलं की लेकरू न्हाऊ घालायचं, काजळ, तीट, दिवाळीचे कपडे. एकीनं तर पोराला भाच्याच्या लग्नातला कोट घातला. आम्हाला वाटलं, साहेब बघतील, म्हणतील, बाया गरीब हायेत पण लेकरं कशी ठेवलीत बघा. हौस हो! साहेबांनी बघितलं आन् मॅडमला म्हणाले, "ही तर खात्यापित्या घरची दिसतात. खरे गरजू कुठायत?" झालं. अनुदान कमी करायची भाषा सुरू झाली.

मॅडमनं आम्हाला गोळा केलं. "पुढच्या तपासणीला आंघोळ घालायची नाही. तेल नाही, काजळ नाही. फाटकं असेल ते घाला. अनुदान गेलं तर तुमचंच नुकसान आहे."

बाया म्हणल्या, एक दिवसाचं तर हाय. घरी येऊन मी बी तसंच ठरवलं होतं. पण तपासणीच्या दिवशी सकाळी माझ्यानं झालं न्हाई. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहायचो तवा मदतीच्या गाड्या यायच्या. गाडीचा आवाज आला की आई आमची तोंडं धुवायची, ओल्या हातानं केस बसवायची. शेजारीण म्हणायची, "येडी हायस का? धुतल्या तोंडाला कोण कांबळं देतंय?" आन् खरंच आम्हाला शेवटी मिळायचं, कधी मिळायचंच न्हाई. तरी आई धुवायची. म्हणायची, "घर पडलंय. आपण न्हाई पडलो."

मग मी कशी माझ्या पोरीला पारोशी नेऊ? लातूरला नळाला आठ-आठ दिवस पाणी येत न्हाई. त्या सकाळी मी प्यायच्या घागरीतलं पाणी काढून तिला आंघोळ घातली. नवा फ्रॉक घातला. म्हणलं, जे व्हायचं ते होऊ दे.

जे झालं ते वर सांगितलंच.

साहेब आले. आम्हा आयांना बी कामाचा खाडा करून हजर राहायला सांगितलं होतं. लेकरं सतरंजीवर बसलेली, सगळी चिपडी, विस्कटलेली. साहेब एकेकाला बघत आम्रूपाशी आले. तिचं रडून माती आन् शेंबूड एक झालेलं. साहेबांनी नाकाला रुमाल लावला.

"ही कुणाची?"

"माझी."

"आंघोळ घालत नाही का हिला? पाणी तरी फुकट मिळतं ना?"

लातुरात पाणी फुकट! मला हसावं का रडावं कळंना. माझ्या घशाला कोरड पडलेली, कारण घरची घागर मी ह्याच लेकरावर रिकामी केली होती. तरी खरं सांगते, गपच राहणार होते. काम डोळ्यापुढं होतं, ते वरणाचं पातेलं डोळ्यापुढं होतं.

पण मॅडम हसल्या. म्हणाल्या, "काय सांगायचं साहेब. कितीही शिकवा, यांच्यात स्वच्छतेची सवयच नाही."

यांच्यात.

माझ्या आईनं पडक्या गावात ओल्या हातानं बसवलेले केस, आन् ही म्हणते यांच्यात. मस्तकात काहीतरी फुटलं माझ्या. मी आम्रूला उचललं, कोपऱ्यातल्या माठापाशी नेलं, तांब्या बुडवला आन् सगळ्यांच्या समोर तिचं तोंड धुतलं. पदरानं पुसलं. तिला कडेवर घेऊन साहेबांपुढं उभी राहिले.

"साहेब, मी हिला घरून धुऊन आणली होती. ही माती ह्या मॅडमनं फासली. त्यांची नखं बघा. मी गरीब हाय. घाण न्हाई."

मॅडमनं हात मागं घेतला. ते समद्यांनी बघितलं. साहेबांनी बी बघितलं. बघून घड्याळात बघितलं. म्हणाले, "हा तुमचा आपसातला विषय आहे." आन् गाडीत बसून गेले.

वाटलं होतं, खरं बोललं की काहीतरी होतं. झालं हे, की त्या मातीची चौकशी होईपर्यंत अनुदान थांबलं आन् पाळणाघराला कुलूप लागलं. मॅडमच्या घराला न्हाई लागलं. साहेबाच्या गाडीला न्हाई लागलं. आमच्या लेकरांच्या खोलीला लागलं.

बाया माझ्यावर तुटून पडल्या. एक म्हणाली, "तुझा ताठा तुला लखलाभ. माझं पोरगं आता दिवसभर घरात कोंडलेलं असतंय, दाराच्या फटीतून हाका मारतंय." खरंच ते कोंडलेलं होतं. मी स्वतः त्याच्या हाका ऐकल्या. दुसरी तिच्या लेकराला पुन्हा मेसवर न्यायला लागली, तशीच पट्टी बांधून. माझं काम तर गेलंच. मालकानं दुसरी बाई बघितली, बिनलेकराची. नवरा म्हणाला, "हात दाखवून अवलक्षण. तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?" खालाकडं गेले तर ती दारात बसलेली. म्हणाली, "सच्ची बोली बेटी तू. पर मेरी बी रोटी गई." तिच्यापुढं मला मान वर करवंना. घरी आम्रू पेटीवर चढून बसायची, म्हणायची, "खालाकडं चल. गाणं म्हणायचंय." मी तिला एकदा फटका मारला. मग तिला पोटाशी धरून लई रडले. इहीर जवळ करावी असं बी मनात आलं. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. सरकार लेकरू सांभाळीना, मालक आणू देईना.

तेवढ्यात मॅडमचा निरोप आला. संस्थेच्या हापिसात ये. साहेबही येणार हायेत. त्यांच्यासमोर एवढंच म्हण, की माती लेकरानं खेळताना लावून घेतली, मी रागात खोटं बोलले. मॅडमची माफी माग. कुलूप लगेच निघंल. सगळ्यांच्या लेकरांना जागा. तुला बी.

नवरा म्हणाला, "माग माफी. काय जातंय?" बाया म्हणल्या, "आमच्यासाठी माग." पोराला कोंडणारी तर माझ्या पायाच पडली. त्या वेळी मला साहेबाच्या रुमालापेक्षा, मॅडमच्या मातीपेक्षा जास्त लाज वाटली. एका बाईनं दुसऱ्या बाईच्या पाया पडावं, कशासाठी? तर लेकरू ठेवायला एक खोली पायजे म्हणून.

गेले. सगळ्या बाया माझ्या मागं. साहेब खुर्चीत, मॅडम शेजारच्या खुर्चीत. आम्रू माझ्या बोटाला. येताना वाटेवर मी ते वाक्य मनात घोकलं होतं. खरंच म्हणणार होते. तोंड उघडलं बी.

"बोल," मॅडम म्हणाल्या. "लेकराला पण सांग, नमस्कार कर."

आम्रूनं मॅडमचा हात पुढं आलेला बघितला आन् दोन्ही तळव्यांनी आपलं तोंड झाकून घेतलं. सगळं तोंड. बोटांच्या फटी बी बंद.

मी सगळी माफी तिथंच विसरले. आज मी खोटं बोलले तर ही पोरगी जन्मभर असंच तोंड झाकून उभी राहील. मोठ्या माणसाचा हात पुढं आला की झाकील. माझ्या मागं उभ्या असलेल्या बाया काय, मी काय, आमची सगळ्यांची तोंडं तशीच झाकलेली होती.

"माती तुम्हीच फासली," मी म्हणाले. "मी खोटं बोलले न्हाई. बोलणार न्हाई."

कुणी माझ्या बाजूनं बोललं न्हाई. मागं एकीनं कडाकडा बोटं मोडली. साहेब उठले. मॅडम म्हणाल्या, "मग मर अशीच."

मरणार न्हाई. हापिसातून मी सरळ पाळणाघराकडं गेले आन् आम्रूला घेऊन दाराच्या पायरीवर बसले. येणारे-जाणारे बघायला लागले. संस्थेचा शिपाई हाकलायला आला, त्याला म्हणलं, हात लावून बघ. बाया येतील का ठाव न्हाई. कुलूप कधी निघंल ठाव न्हाई. घरात पीठ दोन दिवसाचं हाय, ते मातर ठाव हाय. पण ही खोली सरकारनं कामाला जाणाऱ्या बाईच्या लेकरासाठी दिलीय, बाईनं कुणाच्या पायावर लोळावं म्हणून न्हाई. उद्या येणार. परवा येणार. साहेब येऊ दे, त्याच्या वरचा साहेब येऊ दे, मी माफी बी मागणार न्हाई आन् भीक बी मागणार न्हाई. येईल त्याला एवढंच सांगणार: कुलूप काढा. माझं लेकरू आत जाणार हाय, आन् मला कामावर जायचंय.