अमावास्येला गेलेला परवाना

कारंज्याच्या क्लबात रात्री ग्रामोफोन वाजे, कापूस कंपन्यांचे गोरे एजंट नाचत आणि विलायती दारू विकली जाई. माझ्या आत्याच्या यजमानांनी क्लबाच्या कंपनीचे शेअर घेतले होते. ते गेल्यावर शेअर आत्याच्या नावावर आले. त्यांच्या नफ्यावर ती सासरीच, पण वेगळी चूल मांडून राहत होती. दारूचा परवाना गेला, क्लबाला कुलूप लागलं. आता थोरल्या दिरांच्या स्वयंपाकघरात परतणं तिच्या नशिबी दिसत होतं. आणि थोरले दीरच कंपनीचे मुख्य डायरेक्टर.

शेअरवाल्यांची सभा कापसातली सरकी काढायच्या जिनाच्या शेडमध्ये भरली. थोरल्या दिरापुढे बाईने तोंड उघडायचं नाही, म्हणून आत्या दाराआड पदर ओढून बसली. कागद इंग्रजीत, म्हणून मिशनच्या शाळेतून सुटीत आलेल्या मला तिने सोबत घेतलं होतं. मी दारातच, अंग चोरून.

"सरकारनं परवाना काढला. आमी काय करनार?" दीर म्हणाले.

"नफा झाला का तुमी केला, बुडालं का सरकारनं!" एक सरकीचा व्यापारी ओरडला.

"तुमी खाली बसा."

"बसूनच तं राह्यलो. तुमीच बसवलं ना आमाले!"

हशा पिकला, पण लगेच विरला. आत्याने माझं मनगट घट्ट धरलं.

"इचार त्यायले. अकोल्याले परवाना नवा करून घ्यायची तारीख होती, तवा कोन गेलतं?"

"तूच विचार ना."

"मले बोलता येते का त्यायच्यापुढं?"

मी उभी राहिले. "काकाजी, अकोल्याला तारीख होती, त्या दिवशी कंपनीकडून कोण गेलं होतं?"

"तुले कायले पायजे, पोरी?"

"आत्याला पाहिजे."

त्यांनी दाराकडे पाहिलं नाही. धाकट्या भावजयीकडे पाहायचं नाही, ही त्यांचीही रीत. त्यांनी पागोटं सारखं केलं.

"अमावास्या होती," ते म्हणाले. "अमावास्येले कामाले घराबाहेर पाय नाही ठेवत आमी. दुसऱ्या दिवशी गेलो, तं साहेब म्हने तारीख गेली."

व्यापारी या वेळी न ओरडता म्हणाला, "अन् क्लबात दारू अमावास्येले इकत नवते काय?"

मग मतं घेतली. जुने डायरेक्टर नकोत म्हणणाऱ्यांनी हात वर करायचे होते. मोजत मोजत कारकून दारापाशी आला आणि थबकला. दाराआडून आत्याचा बांगड्या नसलेला हात बाहेर आला होता. त्याने दिरांकडे पाहिलं.

"मोज," ते म्हणाले.

परवाना परत यायचा नव्हता. नव्या डायरेक्टरांनी क्लबाची इमारत सरकीच्या गोदामाला भाड्याने द्यायचं ठरवलं. त्या भाड्यात आत्याचं भागेल का, हे कोणीच सांगत नव्हतं.

संध्याकाळी थोरल्या जाऊबाई झाकलेलं ताट घेऊन दारात आल्या. "ते म्हनतात, आजपासून आमच्याकडंच जेवत जा."

आत्या चुलीपुढून उठली नाही. "भाकर तव्यावर हाय, बाई," ती म्हणाली आणि फुंकणी उचलली.