भिंतीपलीकडचा फोटो

माझ्या लेकीची, मनूची मंगलाष्टकं सुरू झाली तशी, आमच्या रीतीप्रमाणे, मी कार्यालयामागच्या तुळशीला पाणी घालायला गेले. मुलीच्या आईनं अक्षता पडताना बघायचं नसतं. वाजंत्री वाजते न वाजते तोच कॅनडाहून नणंदेचा फोन. "वहिनी, अंतरपाट निघाल्यावर मनू काय गोड लाजली हो."

फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातून प्रत्येक फोटो त्याच क्षणी तिच्या फोनवर पोचत होता. तिच्या नि मनूच्या मध्ये समुद्र होता, माझ्या नि मनूच्या मध्ये एक भिंत. आणि भिंतच जाड निघाली. जीव जळला माझा.

"तुम्हाला पाठवू का?" तिनं प्रेमानं विचारलं.

माझ्याच लेकीचा चेहरा मी तिच्याकडून मागून घेऊ? "नको," म्हटलं, आणि तांब्या असा उपडा केला की तुळशीची माती वाहून गेली.